चित्रातलं वासरू

भद्रकालीच्या बोळात हबीबचं तसबिरींच्या चौकटींचं दुकान होतं. टांग्यांवर मोर काढावेत, दुकानांच्या पाट्या रंगवाव्यात. पण चित्रकार म्हणून त्याला अजून कुणी हाक मारली नव्हती. छत्तीस सालच्या दिवाळीआधी देवळालीच्या एका मेमसाहेबांनी त्याच्याकडे एक जुनं तैलचित्र पाठवलं. सव्वाशे वर्षांपूर्वीची विलायतेतली शेतवाडी. गवताची गंजी, दगडी गोठा, अन् पांढऱ्या टोपीतली बाई गाईची धार काढतेय. गाईच्या तोंडापुढचा रंग मात्र ओलीनं वीतभर गळून पडलेला. निरोप एवढाच, की होतं तसं भरून द्या. साधलं तर घरातली बाकीची चित्रंही तुमच्याकडे, नाहीतर मुंबईला.

हबीब ‘जमतं’ म्हणून बसला. तिथं काय होतं, हे विचारायची लाज वाटली. तीन दिवस त्या रित्या जागेनं त्याला घास गोड लागू दिला नाही.

चौथ्या सकाळी रतीबाची साळूबाई आली. दूध मापता मापता चित्राकडे बघून तिचा हात थांबला.

“हबीबभाई, हिचं वासरू कुठं हाय?”

“चित्र आहे ते, साळूबाई.”

“आसंना. वासराबिगर गाय पान्हा सोडंल व्हय? मान बघा की, कशी वळवलीया. चाटतीया ती.”

अन् ती गुणगुणत पायरी उतरली, ‘आधी पाजू गं वासरा, मग चरवी हाती घेऊ.’

हबीब त्याच सांजेला तिच्या गोठ्यात जाऊन बसला. कपाळावर चांदा असलेलं तिचं वासरू त्यानं डोळ्यांत भरून घेतलं, आणि दोन दिवसांत विलायतेच्या गाईपुढे उभं केलं.

मेमसाहेब स्वतः आल्या. चित्राजवळ वाकल्या. मग मराठीत म्हणाल्या, की इथं कुत्रा होता. त्यांच्याकडे धारेच्या वेळी वासरू जवळ ठेवत नाहीत.

हबीबचे कान तापले. त्यानं खरवडायची सुरी उचलली. मेमसाहेबांनी छत्री आडवी धरली.

“राहू दे. लहान होते तेव्हा वाटायचं, ही गाय त्या कुत्र्याला भिते. आता भीत नाही.” आणि जाता जाता चाकराला म्हणाल्या, “बाकीची चित्रं या चित्रकाराकडे पोचव.”

साळूबाईला हे कळलं तेव्हा तिनं नाक मुरडलं. कुत्र्यापुढं का कुणी धार काढतं, म्हणाली.

पुढल्या आठवड्यात टांगा भरून चित्रं आली. हबीबनं ती आत नेली नाहीत. दाराशीच, उजेडाकडे तोंड करून टेकवली, आणि रतीब घेऊन येणाऱ्या साळूबाईची वाट बघत बसला.