ओठांची अनावश्यक हालचाल

अमरावतीच्या तंबूत मूकपट चालत, तेव्हा पडद्याशेजारी उभं राहून संवादांच्या पाट्या वाचायचं काम शालिकराम मास्तरांकडे होतं. पडद्यावरची अक्षरं निम्म्या तंबूला पांढऱ्या मुंग्यांसारखी दिसत. मास्तर त्या मुंग्यांचं खड्या आवाजात शुद्ध मराठी करत. चित्रपट म्हणजे दोन पाट्यांमधला रिकामा वेळ, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. एका साप्ताहिकात दर शनिवारी ते हेच मत निरनिराळ्या शब्दांत मांडत.

तंबूच्या दारात मनकर्णाबाई गजरे विकायची. तिच्या शकुनला मुंबईच्या सिनेमा कंपनीतल्या माणसानं राजापेठेतून लग्न लावून नेलं होतं. त्यानंतर जावई कधी दिसला नाही. लेक दिसली, ती थेट पडद्यावर.

"मास्तर, तुमी चूक सांगून राहिले," पहिल्याच खेळानंतर मनकर्णाबाईनं त्यांना दारात गाठलं. "पोरगी 'माय' म्हणते. दोन डाव ओठ मिटले तिचे."

"पाटीवर 'नाथ, या चरणांशीच सारं सुख आहे' असं स्वच्छ लिहिलंय, बाई."

"चुलीत घाला ते पाटी. मले अक्षर नाही वाचता येत. लेकीचं तोंड येते."

त्या शनिवारी मास्तरांनी लिहिलं, 'नवोदित नटी मुद्रेने बरी. मात्र ओठांची अनावश्यक हालचाल टाळावी.' वाक्य त्यांना इतकं आवडलं की शकुनच्या पुढच्या तिन्ही चित्रांना त्यांनी तेच वापरलं. मनकर्णाबाईही दर वेळी तेच म्हणाली. तिचं कोणी छापलं नाही.

मग बोलपट आले. तंबूचा मालक बोलकं यंत्र बघायला मुंबईला गेला आणि जाताना मास्तरांना नारळ देऊन गेला. त्याच महिन्यात अकोल्याला शकुनचा बोलपट लागला.

"आता तं आवाजच ऐकू येईन," मनकर्णाबाई म्हणाली. "तुमी खरे का मी खरी, होऊन जाऊ द्या एकडाव. चला." तिनं दोघांची तिकिटं काढली, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि बडनेऱ्याहून दोघं गाडीत बसले.

दुपारचा खेळ. पडद्यावर सगळे बोलत होते. राजा बोलला, प्रधान बोलला, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा बोलला. दार करकरलं तर लोकांनी टाळ्या पिटल्या. मनकर्णाबाई खुर्चीच्या टोकावर बसून राहिली.

मध्यंतरानंतर शकुन आली. राणीची मुकी दासी.

वऱ्हाडी बोलणं मुंबईच्या कानाला चाललं नसावं. कंपनीनं तिचं तोंडच मिटवून काम भागवलं होतं. गळ्याची हाडं वर आली होती. डोळ्याखालचा काळा डाग रंगानंही झाकला नव्हता. तिनं समोर पाहिलं आणि ओठ हलवले. आवाज नाही. पाटीही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना वाचायला नुसता चेहरा उरला.

ओठ मिटले. पुन्हा मिटले. मास्तरांचेही मिटले, सवयीनं ते उभे राहिले आणि खडा आवाज निघून गेला, "माय, मले घरी ने!"

"ओ बुढेबुवा, बसा खाली! मुकी हाय ते!" मागून कोणीतरी ओरडलं. थिएटर हसलं. मग मुकीच्या अभिनयाला टाळ्या पडल्या.

मनकर्णाबाईनं मान वळवली नाही. "चारी चित्रांत हेच म्हणत होती ना?"

मास्तरांनी ती जुनी पाटी मनातल्या मनात म्हणून पाहिली. ओठ एकदाही मिटेनात.

"हो."

"अन् तवा तुमी काय सांगत होते लोकायले?"

"नाथ, या चरणांशीच सारं सुख आहे." तंबूच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंत कसाबसा गेला.

खेळ संपायच्या आधीच ती उठली. मास्तर मागोमाग गेले. स्टेशनावर ती अमरावतीच्या बाजूला वळली नाही; गाड्यांच्या फळ्याखाली जाऊन उभी राहिली.

"मुंबईची गाडी कवा हाय, ते वाचा," ती म्हणाली. "एवढं तरी नीट वाचा."