मागच्या फाटकाचा मेळा

तिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत. चालायला लागल्यापासून ती एका जागी टिकली नव्हती, आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली तरी टिकत नव्हती. आईवडील नोकरीसाठी परगावी, म्हणून ती आत्याकडे राहायची. आत्याचं इस्त्रीचं दुकान कॉलेजच्या मागच्या गल्लीत, फाटकाला अगदी खेटून. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक जडशीळ इस्त्री आणि दोरीवर टांगलेले हॉस्टेलच्या पोरांचे शर्ट.

गल्ली आणि मोठा रस्ता यांच्या मध्ये कॉलेजचं मैदान होतं. मागच्या फाटकातून आत शिरून मैदान ओलांडलं, की बसथांबा, दवाखाना, मुलांची शाळा, सगळं समोर. फाटक नसतं तर नाल्याच्या कडेनं भलामोठा वळसा. त्यामुळे गल्लीचा सगळा संसार त्या फाटकातूनच ये-जा करायचा. कॉलेजला ते फारसं रुचत नसे, पण आजवर कोणी अडवलं नव्हतं.

यंदा विद्यार्थी मंडळानं ठरवलं, की गल्लीतल्या कुटुंबांसाठी एक दिवस मैदानावर मेळा भरवायचा. नाव ठेवलं शेजारमेळा. मुलांना खेळ, मोठ्यांना गाणी, म्हाताऱ्यांना रक्तदाब तपासून मिळणार. मंडळाचा सेक्रेटरी ताडमाड उंच, मनानं सरळ पोरगा. तो म्हणाला, "भिंगरी, आमंत्रणं तूच कर. आम्ही गेलो तर लोक दारातूनच वाटेला लावतील."

भिंगरी दारोदार हिंडली. लोक हसून बोलत, पण येतो असं कोणी म्हणेना. नळवाले काका तर पाना हातात घेऊनच बाहेर आले.

"काय गं, कॉलेजला आज आमचा एवढा पुळका कसा आला?"

"काका, कॉलेज नाही, आम्ही मुलं करतोय."

"तुमची हाडं कोवळी आहेत बाळा. फुकट बोलावणाऱ्याच्या मनात काहीतरी शिजत असतं."

शेवटी आत्यानंच शब्द टाकला. इस्त्री बाजूला ठेवून ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि म्हणाली, "माझी पोर बोलावतेय. यायचं म्हणजे यायचं. कोणी आलं नाही तर त्याचे कपडे मी चुरगळूनच परत देईन." लोक हसले. आत्याच्या शब्दाला गल्लीत वजन होतं.

आणि लोक आले. ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून बसवून, आजोबांना खुर्चीसकट उचलून. नळवाले काकासुद्धा दाढी करून आले. पोरं पोत्यात पाय घालून धडपडत होती, झोपाळ्यापुढे रांग लागली होती. एका टेबलाशी विद्यार्थिनी मुलांचे चेहरे रंगवत होत्या, कोणाला वाघ, कोणाला फुलपाखरू. भिंगरीचे पाय जमिनीवर नव्हते. सरबत संपलं की ती धावायची, माईक कुरकुरला की ती धावायची. मध्येच आत्याकडे नजर जायची. आत्या शेजारणींमध्ये ऐटीत बसली होती, जणू मेळा तिच्याच अंगणात भरलाय.

दुपार कलल्यावर प्राचार्य भाषणाला उभे राहिले. मेळ्याची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्या मॅडमनी भिंगरीला सांगून ठेवलं होतं, "तू पुढे बस. सर थांबले की टाळी सुरू कर. तू वाजवलीस की तुझे लोक वाजवतील."

प्राचार्य गोड बोलत. शेजारधर्मावर बोलले, भिंगरीनं टाळी वाजवली, मागे गल्लीनं वाजवली. मुलांच्या भवितव्यावर बोलले, पुन्हा टाळ्या. मग म्हणाले, "आपल्या विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी पुढच्या आठवड्यापासून मागचं फाटक कायमचं बंद करून तिथं भिंत बांधायचं ठरलं आहे. आपण सर्वांनी समजूतदारपणे जे सहकार्य दिलंत, त्याबद्दल मी संस्थेच्या वतीनं आभार मानतो."

सर थांबले. भिंगरीचे हात आपोआप वाजले. मागेही टाळ्या उठल्या, नेहमीसारख्याच कडकडून. मग त्या अर्ध्यावर विरत गेल्या, कारण एकेकाच्या डोक्यात शब्द उतरायला लागले. भिंगरीचे तळवे एकमेकांना चिकटल्यासारखे तसेच राहिले.

"आणि हे सगळं जिच्यामुळे शक्य झालं," प्राचार्य पुढे म्हणाले, "ती तुमच्याच गल्लीची मुलगी. ये बाळ, वर ये."

कोणीतरी तिला हाताला धरून स्टेजवर नेलं. तिच्या हातात फुलांचा गुच्छ आला. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा हसा." समोर सगळी गल्ली बसली होती आणि सगळी तिच्याकडे बघत होती.

नळवाले काका उठले. "साहेब, सहकार्य कोणी दिलं? आम्हाला विचारलं कोणी?"

मॅडमनी डोळ्यांनी खूण केली. लगेच गाणं लागलं. काकांचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं.

भिंगरी स्टेजवरून उतरून मॅडमकडे धावली. "मॅडम, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मला कालच कळलं गं. वरून ठरलंय. आता तमाशा नको, पाहुणे आहेत."

"पण मी सगळ्यांना घरोघरी जाऊन बोलावलंय!"

"फार छान बोलावलंस," मॅडम म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं.

सेक्रेटरी गाणं बंद करायला धावला. तोवर लोक उठले होते. भांडण नाही, आरडाओरड नाही. आयांनी रांगेतून मुलं ओढून काढली. एका चिमुरडीचा अर्धाच वाघ रंगवून झाला होता. तिनं भोकाड पसरलं, "माझा दुसरा गाल! माझा दुसरा गाल!" भिंगरी ब्रश घेऊन आडवी आली. "वहिनी, दोनच मिनिटं थांबा ना, पूर्ण करते."

"पूर्ण केलंस की सगळं," ती बाई म्हणाली आणि पोरीला काखोटीला मारून चालू लागली.

"वहिनी, मला खरंच माहीत नव्हतं."

बाईनं मागे वळूनही पाहिलं नाही. भिंगरीनं जो दिसेल त्याला तेच सांगितलं. काही जण "बरं, बरं" म्हणाले. ते तर शिव्यांपेक्षा लागलं.

पुढचे दिवस सेक्रेटरी आणि भिंगरीनं जिवाचं रान केलं. मुलांच्या सह्या गोळा केल्या, प्राचार्यांना भेटले. प्राचार्यांनी चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या भावना मी समजू शकतो." पालथ्या घड्यावर पाणी. चहा संपला तशी भेट संपली. परतताना सेक्रेटरी म्हणाला, "चिडले असते तरी बरं वाटलं असतं."

गवंडी आले, फाटक निघालं, भिंत उभी राहिली. कॉलेजच्या पत्रकात मेळ्याचा फोटो छापून आला. खुर्च्यांवरची गल्ली टाळ्या वाजवतेय, पुढे भिंगरी. खाली लिहिलं होतं, शेजाऱ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.

गल्लीत तिच्याशी कोणी वैर धरलं नाही. नळवाले काका एवढंच म्हणाले, "काय मग, पुढचं आमंत्रण कधी?" आणि आपल्याच विनोदावर हसले नाहीत. आत्या तर त्याबद्दल बोललीच नाही. एका संध्याकाळी भिंगरीनंच विषय काढला.

"आत्या, तुला तरी पटतंय ना, मला माहीत नव्हतं?"

"पटतंय गं. पण शब्द मी टाकला होता. मी कोणाकोणाला पटवू?" आणि तिनं कॉलरवर इस्त्री जरा जास्तच दाबली.

हॉस्टेलची पोरं आता मागून येऊ शकत नव्हती, त्यामुळे दुकानाची दोरी ओकीबोकी झाली. शेवटी एका सकाळी आत्यानं आधीच्या राहिलेल्या कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि ती नाल्याकडचा वळसा घालून भिंगरीबरोबर पुढच्या फाटकाशी आली. वॉचमननं हात आडवा केला.

"ओळखपत्र?"

भिंगरीनं आपलं दाखवलं. "ही माझी आत्या. नुसते कपडे द्यायचेत."

"तू जा आत. बाहेरच्यांना सोडायचं नाही, ऑर्डर आहे."

"मग मी नेते गाठोडं."

"सामान तपासल्याशिवाय नाही. साहेब अकरानंतर येतील." तोही बिचारा पोटावर पाय येईल म्हणून घाबरलेला. नजर चुकवत म्हणाला, "मावशी, समजून घ्या."

"समजूतदारच आहोत आम्ही," आत्या म्हणाली.

भिंगरीला वाटलं, इथंच खाली बसावं, ओरडावं, काहीतरी करावं. काय करावं ते सुचेना. आतून घंटा वाजली. मागून मुलांचा लोंढा आला आणि तिला ढकलत आत घेऊन गेला.

"जा तू," आत्यानं बाहेरून हात हलवला. "तास बुडेल."

भिंगरी दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या मुलांमध्ये उभी राहिली. आत्या गाठोडं मांडीवर घेऊन फाटकाबाहेरच्या कठड्यावर टेकली होती. गाठोड्यातून डोकावणारा वरचा शर्ट वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनं त्यावर हात ठेवला होता. भिंगरीनं हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारून सांगणार काय? ती वर्गाकडे चालू लागली.