मिस्ड कॉलनंतरची थाप

गोरख चाकणच्या कारखान्यात लागला आणि तालिबच्या डावीकडची जागा रिकामी झाली. कितीतरी वर्षं जुन्नर-आंबेगावच्या लग्नांत तालिब कीबोर्ड वाजवायचा, गोरख ढोलकी. ठेका रंगात असताना गोरख मध्येच एखादी थाप गाळायचा आणि तालिब अडखळला की हसायचा.

२००५ साली तालिबने ठेका वाजवणारा जुना सिक्वेन्सर आणला. त्यावर 'रँडम' नावाचं बटण होतं. ते दाबलं की यंत्र आपल्या मनाने थापा गाळायचं. पहिल्या संध्याकाळी तालिब चक्क हसला. पुढे मात्र कोणती थाप गळणार, हे त्याला आधीच कळू लागलं. यंत्र लावलं की तिसऱ्या आवर्तनातली शेवटची थाप गायब, पाचव्यातली दुसरी. रोज तेच.

यंत्र घेऊन तो नारायणगावला चांगदेवच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेला.

"बिघडलं न्हाई," चांगदेव म्हणाला. "याच्याकडं फासे थोडेच हायेत? एक आकडा घ्यायचा, गुणायचा, त्यात भर घालायची, शेवटचे अंक तेवढे ठेवायचे, बाकी टाकायचं. त्यावरनं थाप ठरती, अन् त्याच्यावरनंच पुढचा आकडा. पण चालू केलं की पहिला आकडा रोज तोच. मंग पुढचं समदं तेच."

"म्हणजे पाठ केलंय यानं."

"लई चांगलं पाठ केलंय! आवाज बंद ठेवून चालवा. आकडे आत पुढं सरकत जातील. वाटंल तवा आवाज सोडा, मंग ठेका मधूनच कुठूनतरी ऐकू यील."

"मीच ठरवायचं? मग त्यात मला नवं काय?"

"मंग दुसऱ्या कुणाला ठरवू द्या, तालिबभाई."

घरात दुसरं कुणी नव्हतं. तालिबने गोरखला फोन लावला. "कामावरून सुटलास की रोज एक मिस्ड कॉल देत जा."

"बायको मागत न्हाई राव, तुमाला कशापायी?"

"असंच."

गोरखला ओव्हरटाइम कधी असे, कधी नसे. तालिब संध्याकाळी यंत्र मुकंच सुरू करी आणि फोनकडे बघत बसे; तो वाजला की आवाज सोडी. मिस्ड कॉल उचलायचा नसतो, त्यामुळे बोलणं होत नसे. एखाद्या दिवशी गोरख विसरे. मग यंत्र आवाज न करताच बंद होई.

त्या दिवशी दिवे लागले तरी फोन गप्प होता. तालिबचं बोट आवाजाच्या बटणापर्यंत जाऊन परत आलं. मग फोन एकदाच वाजला आणि तुटला. त्याने आवाज सोडला आणि कीबोर्डवर साथ धरली. चौथ्या आवर्तनात मधलीच थाप गेली आणि त्याचा सूर अडखळला. त्याने हसत डावीकडे पाहिलं. तिथे घडी घातलेली सतरंजी होती. ठेका थांबला नव्हता. त्याने पुढचा सूर धरला.