खाटेच्या डाव्या दांडीवर

"आजा, तुझा उजवा हात मेला काय?"

सोनम आणि रूपा या मैत्रिणींनी पैज लावली म्हणून आजाच्या नातीने, कीर्तीने हे विचारलं. नाहीतर नववीतल्या त्या पोरीची एवढी हिंमत नव्हती. दोघी दाराआड तोंड दाबून उभ्या. कान्हा आजाने मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग डाव्या अंगठ्याने मला दाबलं. ट्रिंग. सून पाणी घेऊन धावली. मित्रांनो, त्या दिवशी मला माझाच आवाज नकोसा झाला.

मी एक जुनी सायकलची घंटी आहे. वीस वर्षं आजा मागे खाडीतल्या निवट्यांची, मासळीची टोपली बांधून पनवेलभर फिरला. मी वाजले की बायका ताटं घेऊन दारात.

"कान्हा, निवट्या जित्या हायत ना? डोळं तर मिटलेत."

"तुला बघून मिटलं गं बाय."

१९९३च्या उन्हाळ्यात आजाला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. हाक मारता येईना, म्हणून मुलगा सुभाषने मला सायकलवरून काढून खाटेच्या डाव्या दांडीला बसवलं. सगळे म्हणाले, काय डोकं लढवलंस. मीही फुगले. पाणी, उशी, पंखा, घास, मी वाजले की सगळं हजर. दवाखान्यात व्यायामाला आणा म्हणाले होते, तेही राहून गेलं. सुभाष म्हणायचा, "म्हातारा सुखात हाय, त्याला कशाला पिळायचा?"

खरं सांगू? सात महिने त्या उजव्या हाताला मीच झोपवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कीर्ती शाळेतून थेट दवाखान्यात गेली. व्यायाम शिकवणाऱ्या रमाताईंना तिने तोच प्रश्न विचारला.

"मेला नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही त्याला काही काम दिलंत का?" मग जरा थांबून म्हणाल्या, "उशीर झालाय. पूर्वीसारखा होईलच असं नाही. पण आणा त्यांना."

कीर्तीने घरी येऊन पाना घेतला आणि मला उजव्या दांडीला बसवलं. आई कळवळली, "पोरी, त्यांना कशाला छळतेस?" आजा तर दोन दिवस तिच्याकडे बघेना. डावा हात आडवा करून मला गाठू लागला की कीर्ती तो हळूच धरायची. पाणी ती वेळेवर द्यायची, पण आजाची उजवी बोटं ग्लासाला लावूनच. आठवड्यातून तीनदा रिक्षाने रमाताईंकडे. घरी रोज टॉवेल मुठीत धरायचा, सोडायचा. आजा रडायचा, आणि मला दांडीवरून उतरून कुठेतरी लपावंसं वाटायचं.

एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी उजवा अंगठा माझ्यावर आला. ट्रिंग नाही झालं. नुसतं टक. पण सुभाषचा हात ताटातच थांबला.

मित्रांनो, घरात कुणाला झटका आला तर जरूर धावा, लगेच दवाखान्यात न्या. पण नंतर त्याच्या हाताचं काम मायेपोटी काढून घेऊ नका. मी घेतलं. ते सात महिने मला कुठून परत देता येणार?

त्या संध्याकाळी सून आजाला भरवायला बसली, तेवढ्यात कीर्तीने चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून तो जाड केला आणि आजाच्या उजव्या मुठीत दिला. निम्मा भात चादरीवर सांडला. आई पुढे सरसावली.

"आई, पप्पा, ऐका," कीर्ती म्हणाली. "आजपासून आजाला कुणी भरवायचं नाय. तासभर लागू दे. सांडलेलं मी उचलीन."