दुपारचा रिकामा किनारा

तिला खऱ्या नावाने हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. नवऱ्यासकट सगळे तिला फौजदार म्हणत, आणि तेही पाठीमागे नव्हे, तोंडावर. तिलाही त्याचं वाईट वाटत नसे. किनाऱ्यावर कुणीतरी फौजदार लागतोच, आणि ते काम आपल्या गळ्यात पडलंय, अशी तिची समजूत होती.

किनाऱ्याचा नियम साधा होता. पहाटे होड्या लागायच्या, मासळी उतरायची, जाळी बांबूंवर वाळत पडायची, बायका मासळी निवडायला बसायच्या. आरडाओरडा, हसणं-खिदळणं, एकमेकींची उणीदुणी, सगळं यथासांग व्हायचं. पण ऊन डोक्यावर यायच्या आत सगळं उचलायचं. जाळी, टोपल्या, बांबू, दोर, एवढंच काय, होड्यासुद्धा ओंडक्यांवरून ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायच्या. किनारा सगळ्यांचा, म्हणून कुणाच्याही वस्तूने तिथे मुक्काम करायचा नाही. आज बांबू राहिला की उद्या त्यावर छप्पर येतं, परवा भोवती कुंपण येतं, आणि मग माणूस म्हणायला लागतो की जागा माझी. जुन्या माणसांनी हे ओळखलं होतं. नियम कागदावर कुठेच नव्हता, पण कागद हवा कशाला, फौजदार होती ना.

एकदा एका घरचा नवा जावई किनारा बघायला आला आणि सिगारेटचं थोटूक वाळूत टाकून गेला. फौजदारने त्याला सगळ्या सासुरवाडीदेखत गल्लीतून परत बोलावलं. "जावई तू तुझ्या सासूचा. वाळूचा नाहीस. उचल ते." बिचाऱ्याने उचललं. त्याची सासू चार महिने फौजदारशी बोलली नाही, पण तीही रोज दुपारच्या आत आपल्या टोपल्या मुकाट्याने उचलत होती.

फौजदारचा नवरा सुतार. होड्या बांधायच्या, फुटल्या तर डागडुजी करायची, हे त्याचं काम. बोलणं कमी. घरात एक तोंड चालत असताना दुसऱ्याने कान चालवावेत, असं तो म्हणायचा, आणि एवढं बोलला की दिवसभराचं बोलणं संपायचं.

चौदा वर्षांपूर्वी त्याचे गुडघे कुरकुरायला लागले. फुटलेली होडी गल्लीपर्यंत चढवायची, दुरुस्त करायची, पुन्हा उतरवायची, हे त्याला झेपेना. तेव्हा त्याने फौजदारला न विचारता किनाऱ्याच्या कडेला एक ओटा बांधला. दगडाचा, हातभर उंच, होडी आडवी मावेल एवढा. वर चार खांब आणि माडाच्या झापांचं छप्पर. सोळा दिवस खपला. फौजदार तेव्हा बाळंतीण लेकीकडे गेली होती. परत आली, तिने ओटा पाहिला, आणि नऊ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. दहाव्या दिवशी जेवताना म्हणाली, "माझ्याच घरातून नियम मोडला, तर दुसऱ्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू?"

सुताराने भाताचा घास पुरा केला, हात धुतला आणि पहार उचलली. त्याने ओटा पाडला, तिने दगड परसात वाहून नेले. पायाचा खड्डाही दोघांनी वाळूने भरून टाकला. गावाने तिला वाखाणलं. घरचा माणूस असूनही सोडलं नाही, म्हणाले. सुतार पुन्हा होड्या चढवायला लागला, आणि चार-पाच वर्षांत काठीवर आला. त्याने त्या ओट्याचं नाव पुन्हा कधी काढलं नाही, आणि फौजदारलाही वाटलं की तो विसरला.

मग कंपनीची माणसं आली. किनाऱ्यावर घरं बांधायची होती, दोनशे चाळीस, प्रत्येकाला समुद्राकडे उघडणारी गच्ची. त्यांनी वाटलेल्या रंगीत पत्रकावर किनाऱ्याचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'माणसाचा हातही न लागलेला.' फौजदारने ते नातीकडून दोनदा वाचून घेतलं.

"हात न लागलेला म्हणे," ती नवऱ्याला म्हणाली. "चाळीस वर्षं माझे हात काय खिशात होते?"

गाव एक झालं. कधी नव्हे ते झालं. ज्या भावाभावांत बोलणं बंद होतं, तेही एका सतरंजीवर बसले. सह्या झाल्या, अंगठे झाले, हातात हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांची रांग उभी राहिली. सुताराच्या बहिणीची मुलगी शहरात वकिली करत होती. ती स्वतःहून आली आणि तिने कायदा समजावून सांगितला. जमीन सरकारची, पण लोक ती पिढ्यान्‌पिढ्या वापरत असल्याचा पुरावा दिला, तर तिथे घरं बांधायला परवानगी देता येत नाही.

"मग झालंच की," फौजदार म्हणाली. "आम्ही नाही तर कोण वापरतं?"

"मामी, मला ते माहीत आहे. सुनावणी घेणाऱ्या साहेबांना दाखवावं लागेल. शेड, खांब, धक्का, काहीही. नाहीतर जुने फोटो."

शेड नव्हती, खांब नव्हता, धक्का नव्हता. मग फोटोंसाठी घरोघरी ट्रंका उघडल्या. फोटो निघाले पुष्कळ. लग्नाचे, बारशाचे, परदेशी निघालेल्या मुलांचे. प्रत्येकात मागे समुद्र, आणि प्रत्येकात किनारा लख्ख रिकामा. हातापायाला खवले चिकटलेले असताना फोटो कोण काढून घेणार? लोक घरी जायचे, अंघोळ करायचे, ठेवणीतले कपडे घालायचे आणि संध्याकाळी किनाऱ्यावर येऊन कॅमेऱ्यापुढे ताठ उभे राहायचे. भाचीने त्र्याहत्तर फोटो पाहिले. एकातही साधी टोपली नव्हती. तिने ते सगळे पुन्हा ज्याच्या त्याच्या पाकिटात घातले.

सुनावणी सरकारी कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर झाली. सुताराला जिना चढायला वेळ लागला, म्हणून ती दोघं मागच्या बाकावर बसली. खिडकी अडकलेली, पंखा नुसताच आवाज करणारा. साहेबांच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली कागदाची घडी घातली होती. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं, म्हाताऱ्यांना पाणी दिलं.

मग कंपनीच्या वकिलाने विमानातून काढलेले फोटो भिंतीवर दाखवले. वीस वर्षांचे, दरवर्षी एक. सावल्या आखूड असाव्यात म्हणून असले फोटो भर दुपारी काढतात, असं त्यानेच सांगितलं. भर दुपारी! फौजदारने मान खाली घातली. एकामागून एक वीस वर्षं भिंतीवरून सरकत होती, आणि प्रत्येक वर्षी किनारा तिने ठेवला होता तसाच होता. एक काडी नाही.

"थांबा," साहेब म्हणाले. "मागचा दाखवा. हे काय आहे?"

पांढऱ्या वाळूच्या कडेला एक करडा चौकोन होता, नखाएवढा.

"याच वर्षी दिसतंय. पुढच्या वर्षी नाही." साहेबांनी भाचीकडे पाहिलं. "असं एखादं बांधकाम टिकून राहिलेलं दिसलं असतं, तर मला हे वापरात आहे असं लिहिता आलं असतं. हे काय होतं?"

भाचीला ठाऊक नव्हतं. ती मागे वळून गावाकडे पाहू लागली. गावाला ठाऊक होतं, पण सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते.

सुतार काठीवर भार देऊन उठला. "माझा ओटा होता, साहेब. होड्या दुरुस्त करायचा."

"मग गेला कुठे?"

"मीच पाडला."

"का?"

"कंटाळा आला."

साहेबांनी लिहून घ्यायला पेन उचललं. चाळीस वर्षं कुणाला भीक न घालणाऱ्या फौजदारला नवरा सांभाळून घेत होता. सगळ्या गावासमोर, खोटं बोलून, वाकडा उभा राहून. तिला ते सहन झालं नाही. ती उभी राहिली.

"खोटं बोलतायत ते. मी पाडायला लावला."

मग तिने नियम सांगितला, पहिल्यापासून. साहेबांनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "बाई, नियम फार चांगला आहे. पण तुम्ही तो इतका चांगला पाळलात की मला दाखवायला तुम्ही काहीच ठेवलं नाही."

तीन आठवड्यांनी निकाल आला. सदर जागेवर मानवी वापराची कोणतीही कायम खूण आढळत नाही, सबब परवानगी देण्यात येत आहे. भाचीने तो वाचून दाखवला, मग मामीच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडली. वरच्या कचेरीत दाद मागता येईल, म्हणाली, पण काम थांबणार नाही.

फौजदारला वाटलं, आता गाव शिव्या देईल. तिने मनाची तयारी केली होती, उत्तरंही ठरवून ठेवली होती. कुणी एक शब्द काढला नाही. जावयाच्या सासूने तर घरी येऊन तिचा हात हातात घेतला. त्यापेक्षा तिने कानाखाली मारली असती तर बरं, असं फौजदारला वाटलं.

"तुम्ही तरी बोला मला काहीतरी," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय बोलू?"

"तुमचा ओटा असता तर किनारा राहिला असता."

"हं," सुतार म्हणाला.

कुंपण घालायच्या आदल्या दिवशी सकाळी होड्या लागल्या, मासळी उतरली, आणि दुपारच्या आत सगळ्यांनी सगळं उचललं. सवयच ती. किनारा रिकामा झाला तेव्हा फौजदार परसातून डोक्यावर टोपली घेऊन निघाली. टोपलीत दगड होते. सुतार काठी टेकत मागोमाग गेला.

"आता कशाला?" त्याने विचारलं.

"असू दे. उद्या त्यांना पाडायला तरी काहीतरी लागू दे."

मग काठीने त्याने वाळूत चौकोन आखला. त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून तो सांगत होता आणि ती खेपा करत दगड आणून रचत होती. कोपरा आधी. मोठा खाली. तो नव्हे, चपटा. तिला ते जमत नव्हतं, दगड डुगडुगत होते. "इतकी वर्षं सुताराच्या घरात काढलीस, ओळंबा नाही शिकलीस," तो म्हणाला, आणि दोघंही थोडी हसली. गल्लीच्या तोंडाशी माणसं जमली होती. कुणी पुढे आलं नाही. तो दोघांचाच मामला आहे, हे त्यांना कळत होतं. दिवेलागणीपर्यंत वीतभर ओटा झाला, वाकडातिकडा. त्या दिवशी किनाऱ्यावर फौजदारने पहिल्यांदा काहीतरी ठेवलं आणि ती घरी गेली.

सकाळी यंत्र आलं. चालवणारा खालीसुद्धा उतरला नाही. समोर दगड दिसले, त्याने ते फावड्यात घेतले आणि बाजूला ओतले. तंबाखू मळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मग तो पुढे गेला.

शेजारी कसला तरी आवाज झाला म्हणून फौजदारने वळून पाहिलं. सुतार रडत होता. काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी, आणि खांदे हलत होते. तिने त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हा नाही, गुडघे गेले तेव्हा नाही.

चौदा वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या हाताने ओटा पाडला होता, तेव्हाही तो असाच रडला असेल का, हे तिला आठवून बघावंसं वाटलं. तिला आठवेना. त्या दिवशी तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. एकही दगड मागे राहू नये म्हणून ती दगड मोजत होती.