टेकडीचं नाव

मोहाडीचे सेवकराम सेलोकर खाण पर्यटन समितीचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी एकही खाण आतून पाहिलेली नव्हती. आपल्याकडची पाहण्याआधी परदेशातली पाहिली तर तुलना नीट होते, असा ठराव त्यांनी मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. म्हणून मार्चमध्ये पाच सदस्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या, सोन्याच्या खाणीवर जगणाऱ्या एका शहरात पोहोचले. चौघे तलावांच्या पाण्यावर धान पिकवणारे होते. इतका मोठा मुलूख, आणि त्यात एकही तलाव नाही, हे त्यांना खरं वाटेना. पाचव्या शोभाताई. नाकाडोंगरीकडच्या, खाणीजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, समितीत एक बाई हवी म्हणून घेतलेल्या. उतरल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की इंग्रजी फक्त त्यांनाच येतं.

दोन दिवस खाणीचा खड्डा पाहण्यात गेले. तिसऱ्या दिवशी तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक म्हातारी बाई त्यांना शहराबाहेर, तांबड्या खडकांपाशी घेऊन गेली.

"गेट कुठी हाये?" सेवकरामनी विचारलं.

शोभाताईंनी भाषांतर केलं. गेट नाही, असं उत्तर आलं.

"मंग लोकाईले कसं समजते, का हे पाह्याची जागा हाये म्हणून?"

"सगळ्यांना समजावं असं आम्हाला वाटतच नाही," बाई म्हणाली.

सर्वांत मोठ्या खडकाचं नाव सेवकरामनी तीनदा विचारलं. ते बाहेरच्यांना सांगायचं नसतं, एवढंच ती सांगत राहिली. मग तिनेच विचारलं, "तुमच्याकडे खाण ज्या टेकडीत आहे, तिला तिथले जुने लोक काय म्हणतात?"

सेवकरामनी शोभाताईंकडे पाहिलं. शोभाताईंनी मान खाली घातली. पस्तीस वर्षं त्यांनी त्या टेकडीखाली शिकवलं होतं, गोंडांची मुलं त्यांच्या वर्गात बसली होती.

"सांगा तिले, पाच नंबर म्हनतेत," खाणीच्या पाटीवरचा आकडा आठवून सेवकराम म्हणाले.

परतल्यावर अहवालातला 'स्थानिक वारसा' हा रकाना रिकामाच राहिला. तेव्हा सेवकराम शोभाताईंना गाडीत घेऊन खाणीला लागून असलेल्या गोंडांच्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीत गेले. खाणीतून निवृत्त झालेले कवडू मडावी अंगणात मोहफुलं वाळवत होते.

"टेकडीचं जुनं नाव सांगा, बाबाजी. कमानीवर टाकाचं हाये."

"कायले?"

"तुमची संस्कृती जगासमोर आली पायजे. लोकं येतील. तुमच्या पोरींले नाचाले बोलवू."

कवडू थोडा वेळ फुलं खालीवर करत राहिले. मग त्यांनी गोंडीतले तीन शब्द सांगितले. सेवकरामनी ते वहीत उतरवले, दोनदा वाचून खात्री केली आणि चहासाठी न थांबता निघाले.

महिन्याभरात खाणीच्या रस्त्यावर कमान उभी राहिली. वर सोनेरी अक्षरांत ते तीन शब्द. उद्घाटनाच्या भाषणात सेवकरामनी ते नाव चार वेळा घेतलं, आणि प्रत्येक वेळी मागे उभ्या असलेल्या टोल्यावरच्या बायांनी तोंडाला पदर लावला. बाया भारावल्यात, असं सेवकरामनी शेजारच्या पाहुण्यांना सांगितलं.

शोभाताईंना ते काही पटलं नाही. कार्यक्रम संपल्यावर त्या कवडूंजवळ गेल्या.

"त्या नावाचा अर्थ काय होते जी?"

"खाल्लं नं, आता निघा," कवडू शांतपणे म्हणाले.

शोभाताईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "अन् खरं नाव?"

"मास्तरीनबाई, पस्तीस साल होत्या तुमी येथं. तवा इचारलं असतं, त सांगतलं असतं."

घरी जाताना कमानीखालून जायचं टाळून त्या शेतांमधल्या धुऱ्यावरून चालत गेल्या. पुढच्या मंगळवारी त्या पुन्हा टोल्यावर गेल्या. कवडूंच्या सुनेने पुढ्यात मोहफुलांनी भरलेलं सूप ठेवलं आणि त्या काडीकचरा निवडत बसल्या. नावाचा विषय त्यांनी काढला नाही आणि कवडूंनीही काढला नाही.

समितीच्या पुढच्या बैठकीत सेवकरामनी आणखी एक ठराव आणला. कमानीवरचं नाव लोकांच्या फार पसंतीला उतरलं आहे, तरी तेच समितीच्या कार्यालयाच्या दारावरही मोठ्या अक्षरांत लावावं. अनुमोदन कोण देणार, असं त्यांनी विचारलं.

शोभाताईंनी हात वर केला.