अंगठ्याखालचं पाणी

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सातवं ग्रीन दिसतं. ज्यांचा गोल्फशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की मैदानात अठरा ठिकाणी अगदी बारीक कापलेल्या गवताचं अंगण असतं, त्यात एक भोक असतं, आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं सकाळपासून एवढासा चेंडू त्या भोकात घालायला धडपडत असतात. त्या अंगणाला ग्रीन म्हणतात. आमचे हे त्या मैदानाचे हेडमाळी होते. आता त्यांच्या जागी आमचा मुलगा आहे. मैदानाच्या कडेच्या या दोन खोल्या यांना नोकरीबरोबर मिळाल्या. हे गेले त्याला सहा वर्षं झाली, तरी कोणी मला इथून ऊठ म्हटलेलं नाही. मुलगा बायकोमुलांसह गावात राहतो. "आमच्याकडे चल," म्हणतो. मी म्हणते, बघू.

सातव्या ग्रीनला डाव्या कोपऱ्याकडे, म्हणजे माझ्या खिडकीकडे, उतार आहे. होता म्हणायला हवं. जिभेला अजून सवय झालेली नाही.

त्या उताराची मैदानावर मोठी ख्याती होती. चेंडू भोकाच्या दिशेनं सरळ निघायचा आणि शेवटच्या चार पावलांत कुणी हाक मारल्यासारखा डावीकडे वळायचा. लोक कपाळावर हात मारून घ्यायचे. जुने खेळाडू नव्यांना सांगायचे, "हेडमाळ्यानं मुद्दाम ठेवलाय हो हा. पक्का बेरकी माणूस." हे ऐकून आमचे हे टोपी खाली ओढायचे. लोकांना वाटायचं, विनय. तो विनय नव्हता.

सेहेचाळीस वर्षांपूर्वी ते ग्रीन नव्यानं बांधायला काढलं, तेव्हा यांच्या हाताखालचा माणूस तापानं आडवा झाला होता. मला पाचवा महिना लागलेला. "नुसतं नळीचं टोक धरायचंय," हे म्हणाले. "बसून धर हवं तर." गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं. दोन्ही टोकांतलं पाणी आपोआप सारख्या उंचीला येऊन थांबतं, मग ज्यानं त्यानं आपल्या खुंटीवर खूण करायची. यांत्रिक असं काही नाहीच त्यात. चालताना पाणी सांडू नये म्हणून टोकावर अंगठा ठेवायचा, आणि खुंटीपाशी पोचलं की तो काढायचा. बस.

मी दोनदा पाणी सांडलं. दोनदा हे चडफडत बादली घेऊन गेले. तिसऱ्या वेळी मी अंगठा असा काही दाबून धरला की नखाखालचं बोट पांढरं पडलं. तशीच चालत डाव्या कोपऱ्यातल्या खालच्या खुंटीपाशी जाऊन बसले. पाठ दुखत होती.

"थांबलं का पाणी?" यांनी पलीकडून विचारलं.

मी पाहिलं. पाणी हलत नव्हतं.

"थांबलं!"

थांबणारच. अंगठ्याखाली कोंडलेलं पाणी जाणार कुठे? खूण व्हायला हवी होती त्याच्या वीतभर खाली झाली.

त्या खुणेप्रमाणे माती पडली, गवत रुजलं, चार महिन्यांनी पहिले खेळाडू आले, आणि एकेकाचा चेंडू डावीकडे वळला. त्या संध्याकाळी हे नळी घेऊन घरी आले. म्हणाले, चल. मला बाळंतपणाला आठवडा राहिलेला, तरी गेले. ग्रीनच्या कडेला अजून उभ्या असलेल्या त्याच खुंटीपाशी यांनी मला टोक धरायला लावलं, दुसरं वरच्या खुंटीला बांधलं, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आता अंगठा काढ." मी काढला. पाणी नळीत सर्रकन वर चढलं. खुणेच्या वर, वीतभर.

यांनी खुणेकडे पाहिलं, माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. हे त्या कोवळ्या गवतावर फतकल मारून बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

दुसऱ्या दिवशी क्लबचे सेक्रेटरीसाहेब तणतणत आले. "ही काय घसरगुंडी केलीय?"

"मुद्दाम ठेवलीय साहेब. इथवर सरळ आलेल्या माणसाला शेवटी जरा डोकं वापरायला लागावं."

साहेब विचारात पडले. महिन्याभरानं ती कल्पना आपलीच होती असं ते पाहुण्यांना सांगायला लागले.

तेव्हापासून आमच्या घरात एक हिशेब सुरू झाला, तो फक्त आम्हा दोघांना माहीत होता. हे संध्याकाळी बूट काढता काढता म्हणायचे, "तुझे आज अकरा." म्हणजे अकरा चेंडू माझ्या अंगठ्यानं वळवले. पावसापाण्याच्या दिवशी, "तुझे आज दोनच, धंदा मंदा आहे." आम्ही भांडलेलो असलो, चार दिवस एकमेकांशी धड बोललेलो नसलो, तरी आकडा मात्र सांगायचे. कधी कधी तेवढंच बोलायचे. हे गेल्यावर मी खिडकीशी बसून स्वतःच मोजायला लागले. संध्याकाळी दिवा लावला की यांच्या खुर्चीकडे बघून सांगायची, "आज सात." रिकाम्या खुर्चीशी बोलते म्हणून कुणी हसेल. हसू दे. दिवसभरात मोठ्यानं काढलेला तेवढाच शब्द असायचा.

आणि मग आमच्या मैदानावर व्यावसायिक खेळाडूंची मोठी स्पर्धा घ्यायचं ठरू लागलं.

मुलाचं हे कधीचं स्वप्न. तो हवेत होता. स्पर्धेच्या बाजूनं मैदान तपासायला एक साहेब आले. त्यांच्या कमरेला कायम मोजायची टेप, म्हणून मी त्यांचं नाव टेपवाले ठेवलं. माणूस साधा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी मागायला माझ्या दाराशी आले, ते टेबलाशी बसलेच.

"मावशी, तुमच्या घरापलीकडची झाडं थोडी विरळ करावी लागतील," ते म्हणाले. "सातव्याची सुरुवात नव्वद पावलं मागे न्यायचीय."

"का हो? आहे तिथे काय खुपतंय?"

"आताच्या काठ्या हलक्या, त्यांची डोकी भोपळ्याएवढी, चेंडूही निराळा. पोरं मारतात ते थेट तुमच्या वाळूच्या खड्ड्यावरून पलीकडे. खड्डा नुसता बघत राहतो."

तो खड्डा यांनी उन्हातान्हात खणला होता. त्यातून चेंडू काढताना भल्याभल्यांचे चेहरे लाल झालेले मी पाहिलेत.

"म्हणजे चेंडू लांब जातो म्हणून जमीन मागे सरकवायची? मग चेंडूच का नाही बदलत?"

टेपवाले मोठ्यानं हसले. "ते माझ्या हातात असतं तर मी इथे उन्हात फिरलो असतो का? माझ्या हातात फक्त जमीन."

मग त्यांनी मला एक खाच असलेली लांब पट्टी दाखवली. तिच्यावरून चेंडू सोडायचा आणि तो किती फूट घरंगळतो ते मोजायचं. तुमच्या यजमानांच्या वेळी सहा-सात फूट जात असेल, म्हणाले. स्पर्धेसाठी बारा लागतात. गवत इतकं बारीक कापायचं, वरून रूळ फिरवायचा. पण तसं केलं की सातव्यावर चेंडू थांबतच नाही. भोकाजवळून जातो तो खाली कोपऱ्यात. "चार दिवस स्पर्धा, रोज भोक नव्या जागी हवं. इथे मला एकच जागा सापडतेय. उतार काढावा लागेल मावशी. नाही तर स्पर्धा दुसऱ्या मैदानाला जाईल."

उठताना त्यांच्या खिशातला चेंडू फरशीवर पडला आणि टुणटुणत, घरंगळत दारापाशी गेला. "बघा," ते म्हणाले, "तुमच्या स्वयंपाकघरातही भोक ठेवायची सोय नाही."

या फरशीवर लिंबू पडलं तरी ते दाराकडेच जायचं. यांना म्हटलं की हे म्हणायचे, "फरशी सरळ आहे, लिंबूच वाकडं."

त्या संध्याकाळी मुलगा आला. चहा पुढे ठेवला तरी कप नुसता फिरवत बसला. लहानपणी परीक्षेचा निकाल लपवायचा तेव्हा असाच बसायचा.

"आई, सातव्याचं कळलं ना तुला?"

"कळलं."

"मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. उद्या सांगायचंय." कप पुन्हा फिरवला. "बाबांनी एवढं डोकं लावून ठेवलेला उतार. अख्खं मैदान त्यांना त्यासाठी ओळखतं. त्याच्यावर मशीन घालायला माझा हात धजत नाही. तू नको म्हण, मी नको म्हणतो. जाऊ दे स्पर्धा."

तो मनापासून म्हणत होता. मी नको म्हटलं असतं तर त्यानं खरंच स्पर्धा सोडली असती, आणि जन्मभर ते बोलून दाखवलं नसतं. वीस वर्षं पहाटे उठून गवताची पाती मोजलेला मुलगा. खिडकीबाहेर त्या वेळी एक जाडगेला माणूस एकटाच खेळत होता. त्याचा चेंडू वळला. पाच, मी मनात म्हटलं.

मग मी मुलाला खरं ते सांगितलं. नळी, बादली, अंगठा, वीतभर. हिशेबाचं मात्र सांगितलं नाही. ते सांगायला कुठून सुरुवात करायची ते कळेना.

तो आधी डोळे विस्फारून बघत राहिला. मग हसला, अगदी यांच्यासारखा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हणजे ती चूक होती! आणि बाबा इतकी वर्षं खुशाल टोपी ओढून ऐकत होते!"

"माझ्यासाठी."

"अगं, मग सुटलोच मी." त्यानं एका घोटात गार चहा संपवला. "म्हणजे आपण मोडत नाही काही. दुरुस्तच करतोय."

"हो," मी म्हटलं. "दुरुस्तच."

जाताना त्यानं मला जवळ घेतलं. किती तरी दिवसांनी. त्याच्या अंगाला यांच्यासारखाच कापलेल्या गवताचा वास येत होता.

पंधरा दिवसांनी गवताच्या गुंडाळ्या निघाल्या, खाली काळी माती दिसली. मुलानं हौसेनं मला बोलावून नेलं. तिपाईवर एक यंत्र होतं, त्यातून म्हणे लाल किरण निघतो. माझ्या हातात उंच काठी दिली. काठी बरोबर उंचीला आली की पीप वाजतं.

"धर. पहिल्या वेळी तूच होतीस, आताही तूच," तो म्हणाला. मग कामगारांकडे बघून डोळा मारला. "आणि आई, अंगठा कुठेही ठेव, चालेल. यंत्र ऐकत नाही कुणाचं."

सगळे हसले. मीही हसले. काठी धरली. थांबलं का, असं कुणी विचारलं नाही. पीप वाजलं.

स्पर्धा छान झाली. चार दिवस माझ्या खिडकीसमोर दोऱ्या बांधलेल्या, पलीकडे माणसंच माणसं. मी खुर्ची खिडकीशी ओढली होती. पोरं कोवळी, खांदे मोठे. नव्वद पावलं मागून मारलेला चेंडू खड्ड्यावरून जायचा तेव्हा आवाज आधी नाहीच, नुसती शीळ. ग्रीनवर आले की चेंडू सरळ जायचे. चुकले तर आपल्या चुकीनं चुकायचे, कुणी वळवत नव्हतं. लोक टाळ्या वाजवायचे. चौथ्या दिवशी मुलगा गळ्यातलं ओळखपत्र काढायचं विसरून धावत आला. "आई, सगळे ग्रीनचं कौतुक करतायत! पाहिलंस ना?"

"पाहिलं रे. सुरेख झालंय." आणि ते खरंच सुरेख झालं होतं. यांनीही तसंच म्हटलं असतं.

तो परत पळाला. त्याला बक्षीस समारंभाला उभं राहायचं होतं.

दोऱ्या निघाल्या, माणसं गेली. संध्याकाळी मी दिवा लावला, खुर्चीकडे वळले, आणि सांगायला काही नव्हतं. शून्य म्हणणार होते. तोंडातून निघालं नाही. शून्य हा काही आकडा झाला नसता. ती दुकान बंद झाल्याची पाटी झाली असती.

भांडी घासली. पुसताना हातातला चमचा पडला, आणि पाठोपाठ ओट्यावरचं लिंबू. लिंबू आपलं नेहमीसारखं निघालं, दाराकडे.

मी बराच वेळ त्या लिंबाकडे बघत उभी राहिले. मग दारामागच्या खिळ्यावरून नळी काढली. पिवळी पडली होती, पण फुटली नव्हती. चहाच्या भांड्यातून पाणी भरलं, थोडं सांडलं. दुसरं टोक धरायला कोणी नाही, म्हणून यांच्या खुर्चीच्या पाठीला फडक्यानं बांधलं, खुर्ची आतल्या भिंतीशी लावली, आणि माझं टोक घेऊन दारात बसले. अंगठा दोनदा तपासला. पाणी वरखाली झालं, डुललं, थांबलं. इकडे खडूनं खूण केली, उठून तिकडे केली, दोन्ही खुणा जमिनीपासून बोटांनी मोजल्या.

दोन बोटांचा फरक. चांगला दोन बोटांचा.

ही फरशी यांनी घातली तेव्हा मी मुलाच्या वेळी दवाखान्यात होते. यांच्याही नळीचं दुसरं टोक धरायला घरात कोणी नव्हतं. कशाला बांधलं असेल कोण जाणे. बहुधा याच खुर्चीला. मी परत आले तेव्हा फरशी सुकली होती, आणि सेहेचाळीस वर्षं दोष लिंबाचा होता.

मी फडकं सोडलं, पाणी ओतून दिलं, खुर्ची जागेवर आणली.

"तुमचा एक," मी म्हटलं.